तुम्ही भांडू नका, मी जाते

त्या खोलीत पूर्वी मुद्देमाल ठेवत. महिलांच्या समुपदेशनासाठी जागा द्यायची ठरली तेव्हा जप्त केलेल्या सायकली आणि हातभट्टीचे कॅन तिथून हलले, भिंतींना चुना लागला, आणि एक टेबल, चार खुर्च्या नि एक लोखंडी बाकडं आमच्या वाट्याला आलं. दार पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यातही नीट लागायचं नाही. आत बोललेलं बाहेर ठाणे अंमलदारांच्या टेबलापर्यंत जायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे पोलीस ठाणं. समाजकार्याची पदवी घेऊन मी तिथे रुजू झाले तेव्हा २६ वर्षांची होते. माझ्या सहकारी बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. येणाऱ्या बायकांनीच आमची नावं पाडली होती, थोरल्या ताई आणि धाकट्या ताई. पुढे पोलीसही तेच म्हणायला लागले.

पोलीस ठाण्यातच समाजकार्यकर्ती बसवायची ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाल्लेली बाई धाडस करून चौकीची पायरी चढते, तर तिला ऐकून घेणारं माणूस त्याच पायरीवर हवं, हा त्यामागचा साधा विचार. आमचं केंद्र त्या कक्षाचा भाग नव्हतं, एका स्थानिक संस्थेचं होतं, पण विचार तोच.

"मॅडम, मिटवून टाका." हे वाक्य मी तिथल्या नऊ वर्षांत जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. हवालदार म्हणायचे, सरपंच म्हणायचे, कधीकधी मुलीचा बापच हात जोडून म्हणायचा. मिटणं हा शब्द आपण डोळ्यांसाठी वापरतो, पुस्तकासाठी वापरतो, संध्याकाळी मिटणाऱ्या फुलासाठीही वापरतो. उघडं असलेलं बंद होणं, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक मिटलं म्हणून आतला मजकूर पुसला जात नाही. आमच्या कपाटात अशा मिटलेल्या प्रकरणांच्या कितीतरी फायली होत्या. त्यांतल्या काही तीन-तीनदा मिटल्या होत्या.

संयुक्त बैठकीला नवऱ्याकडची माणसं जीप भरून यायची. बाईकडून फार तर आई आणि एखादा भाऊ. सगळे बसले की नवऱ्याकडचा एखादा वयस्क मामा घसा खाकरून सुरुवात करायचा, "संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच." सगळ्या माना डोलायच्या. थोरल्या ताई हे पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग आवाज न चढवता म्हणायच्या, "खरंय मामा. पण दोन भांडी आपटली की पोचा दोघांनाही पडतो. आमच्याकडं दर वेळी एकच भांडं पोचलेलं येतं. दुसऱ्यावर साधा ओरखडा नसतो." यावर मामांना उत्तर सुचलेलं मी पाहिलं नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत समुपदेशनाबद्दलचा नियम १४ आहे, आणि तो मला या सगळ्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं हिंसा का केली याचं समर्थन समुपदेशनात मांडायचं नाही, आणि हे त्याला कामकाज सुरू व्हायच्या आधीच सांगायचं, असं तो नियम म्हणतो. खरं तर तो न्यायालयाच्या आदेशानं होणाऱ्या समुपदेशनासाठी आहे, आमच्या बैठकांवर तो बंधनकारक नव्हता. पण थोरल्या ताईंनी तो उचलला आणि आपल्या भाषेत बसवला. बैठक सुरू होताना त्या सांगायच्या, "इथं काय झालं ते सांगायचं. का मारलं ते सांगायचं नाही. मारायला इथं कारण नसतं." याचा परिणाम डोळ्यांनी बघण्यासारखा असे. जीपभर माणसं वाटेत कारणांचीच तयारी करून आलेली असत. हिचं तोंड लई चालतं, मोबाइलवर बोलत बसते, सासूला उलटून बोलते, भाकरी करपवते. ती सगळी तयारी एका वाक्यासरशी निकामी व्हायची आणि मग खोलीत शांतता पसरायची. त्या शांततेत पहिल्यांदा त्या बाईचा आवाज ऐकू यायचा.

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की कार्यकर्त्यानं निवाडा करू नये, कुणाची बाजू घेऊ नये. थोरल्या ताईंजवळ बसून मी त्यातली खोच शिकले. दोघं सारखे नसतील आणि आपण बरोबर मधे उभे राहिलो, तर आपण नकळत दांडग्याच्या बाजूला गेलेलो असतो. तेव्हा घरातल्या भांडणात मधे उभं राहायचं नाही, पोचलेल्या भांड्याच्या शेजारी उभं राहायचं. हे मी लवकर शिकले आणि त्याचा मला अभिमानही होता. आमच्या दोघींमधल्या भांडणाचं काय करायचं ते मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते आम्ही शिकलो त्याची किंमत आम्ही मोजली नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते मला इथे सांगायचं आहे.

जानेवारीतला सोमवार होता. ती दुसऱ्यांदा आली होती. वय २७-२८, सातवीपर्यंत शिकलेली, एक मुलगी चौथीत. नवऱ्याचा ट्रॅक्टर होता, हंगामात तो कारखान्याला ऊस वाहायचा. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट सुजून काळंनिळं पडलं होतं आणि ते ती पदराखाली झाकून बसली होती. आदल्या खेपेला मी तिची सगळी हकीकत लिहून घेतली होती. आज पुढचं ठरवायचं होतं. काय करायचंय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला नांदायचंय ताई. पण मार नको."

माझं मत पक्कं होतं. न्यायालयात अर्ज करायचा, संरक्षणाचा आदेश मागायचा. आदेश मिळाल्यावर त्यानं हात उचलला तर तो आदेशाचा भंग ठरतो, त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि २०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. थोरल्या ताईंचं म्हणणं, नवऱ्याला बोलवू, घरच्यांसमोर समज देऊ, शंभराच्या बाँडवर लिहून घेऊ आणि तिला पाठवू. अशा बाँडला काडीची किंमत नसते, हे मला फायलींतून दिसत होतं. तीन-तीनदा मिटलेल्या त्या फायलींत तीन-तीन बाँड होते.

पण ताईंच्या बोलण्यातही दम होता आणि आज मला तो तेव्हापेक्षा जास्त जाणवतो. अर्जावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच सांगतो. आमच्या हातून गेलेला एकही अर्ज ६० दिवसांत निकाली निघाला नव्हता. नोटीस ज्या दिवशी घरी पोचेल त्या रात्री ही कुठं झोपेल, हा ताईंचा प्रश्न होता. भावाचं घर दोन खोल्यांचं, भावजय नाखूश. आधारगृहात जायचं तर सोलापूर, मग पोरीच्या शाळेचं काय? राहत्या घरातून तिला कुणी काढू शकत नाही, तसा हक्क कायद्यानं दिलाय, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "हक्क हाय ना. मग रात्री अकराला दार वाजवायला तू जाशील का तिच्याबरोबर?"

इथपर्यंत तो मतभेद होता. नंतर आमचे आवाज चढले. मी म्हणाले, "तुम्ही तिला मार खायला परत पाठवताय." त्या म्हणाल्या, "तुझं अजून लग्न झालेलं नाही, तुला नांदणं काय कळणार?" मी म्हणाले, "तुमचं झालंय म्हणूनच तुम्हाला सगळ्यांना परत पाठवायचं असतं." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा बाहेरच्या टेबलावरची लिखापढी थांबलेली मला कळली. थोरल्या ताईंच्या घरी काय चालायचं याचा मला थोडा अंदाज होता. त्या विश्वासानं कधीतरी अर्धवट बोलल्या होत्या. तेच मी हत्यार म्हणून वापरलं होतं.

तेवढ्यात बाकड्यावरून ती उठली. पिशवी उचलली. "तुम्ही भांडू नका ताई," ती म्हणाली. "मी जाते."

आम्ही दोघी एकदम गप्प झालो. बस म्हणायला हवं होतं. मी उठलेसुद्धा नाही. ती दारातून गेली, ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरून गेली आणि फाटकाबाहेर दिसेनाशी झाली.

त्या रात्री फाईल मी घरी आणली होती. तसं करायचं नसतं, पण आणली. आदल्या खेपेची हकीकत माझ्याच अक्षरात होती. त्यात मधेच एक ओळ होती: "दिवाळीनंतर माहेरी आली होती. तिला ठेवायचं की नाही यावरून भाऊ-भावजयीत वाद सुरू झाल्यानं चौथ्या दिवशी स्वतःहून परत गेली." त्याखाली आणखी एक: "लहानपणी शाळा सोडवण्यावरून आईवडिलांत भांडण व्हायचं, म्हणून सातवीनंतर आपणच शाळा सोडली असं सांगते." हे मी लिहिलं होतं, खाली तारीख घातली होती, आणि तिच्यासमोर भांडताना मला त्यातलं काही आठवलं नव्हतं. तिच्यावरून कुणी भांडायला लागलं की ती उठून जाते. जन्मभर तिनं हेच केलं होतं. हे जिथं घडणार नाही अशी एक जागा तिला मिळावी म्हणून आमची खोली होती, आणि तिथंही आम्ही तिला तेच करायला लावलं.

पुढचे अकरा दिवस थोरल्या ताई आणि मी फक्त कामापुरतं बोललो. चहा आला की एक कप त्यांच्याकडे सरकवायचा, एक आपल्याकडे ओढायचा. ती काही आली नाही. तिच्या गावच्या अंगणवाडी ताईंना फोन करून ती बरी आहे एवढं जाणून घेतलं.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. ते मागे पडताना मला नेहमी १८९३ साल आठवतं. आपल्याकडच्या समाजकार्यातलं फार मोठं भांडण त्या साली झालं. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही मुलींची, मुख्यतः विधवांची, निवासी शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून यायचा. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे होते, रामकृष्ण भांडारकर होते. सदनात धर्माची शिकवण द्यायची नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली तिथे येऊन बसत. सल्लागारांचं म्हणणं असं की लोकांनी आपल्या विधवा मुली विश्वासानं इथे धाडल्या आहेत, त्या विश्वासाला हे धरून नाही. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही, पण कुणी आलं तर दार लावून घेणार नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले. बऱ्याच मुलींना पालक येऊन घेऊन गेले. या फुटीनंतर आणखी एक घर उभं राहिलं हेही खरं. १८९६ त धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि कर्व्यांनी १८९३ त जिच्याशी लग्न केलं ती गोदूबाई शारदा सदनातच शिकलेली.

हा वाद सांगताना लोक रानड्यांची बाजू घेतात किंवा रमाबाईंची. दोन्ही बाजूंना वजन आहे आणि मला त्यात निवाडा करायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या मुली येतात, ज्यांचं सामान बांधलं गेलं. पाटी, दोन लुगडी, नुकती लागलेली वाचायची गोडी. त्यांच्याचसाठी मोठी माणसं भांडत होती. तुला राहायचंय का, असं दारात उभं राहून त्यांच्यातल्या एखादीला कुणी विचारलं असेल का? का त्यांच्यातलीही एखादी मनात म्हणाली असेल, तुम्ही भांडू नका, मी जाते?

अकरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, ती आली. पिशवीत मेथी आणि कांद्याची पात होती. बोटाला कुणीतरी चिंधी बांधून दिली होती. बसायच्या आधी तिनं आमच्या दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं, आज हवा कशी आहे ते बघावं तसं. थोरल्या ताई खुर्चीतून उठल्या आणि तिच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी आमचं चुकलं. तुझ्यासमोर तसं व्हायला नको होतं." माझ्याकडं न बघता त्यांनी "आमचं" म्हटलं आणि त्या एका शब्दात मलाही घेतलं. मी म्हणाले, "माझं जास्त चुकलं." ते मी दोघींनाही म्हणत होते. ताईंनी मान हलवली.

मग ताईंनी तिला विचारलं, "नांदायचंय म्हणालीस. किती दिवस?"

तो प्रश्न त्या दिवशी आम्हा दोघींपैकी कुणालाच सुचला नव्हता. "मला नांदायचंय ताई, पण मार नको" या वाक्याचा पहिला अर्धा थोरल्या ताईंनी उचलला होता, दुसरा अर्धा मी. आपापला अर्धा घेऊन आम्ही भांडलो. वाक्य तसंच पडून राहिलं.

ती म्हणाली, "मेपर्यंत."

आणि मग तिनं जे सांगितलं ते ती बरेच महिने मनात रचत असणार. पोरगी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसलीय, ती परीक्षा तेव्हा चौथीत असायची. मग वार्षिक. एक मेला निकाल लागतो, त्यानंतर शाळेचा दाखला मागायचा. घरात एक म्हैस आहे, ती तिच्या वडिलांनी दिलेली, पण डेअरीच्या पुस्तकावर नाव सासूचं, दहा दिवसांचा दुधाचा पगार सासूच्या हातात जातो. म्हैस मार्चमध्ये व्यायची आहे, त्यानंतर तिची किंमत वेगळी. आणि नवरा? कारखाना चालू आहे तोवर तो रात्रंदिवस ट्रॅक्टरवर असतो, आठवड्यातून दोनदा घरी येतो. बोट दुखावलं ते संक्रांतीला, तो सुटी घेऊन घरी बसला होता तेव्हा. "कारखान्याचा पट्टा पडला की मग भ्या असतंय," ती म्हणाली. पट्टा पडणं म्हणजे गाळपाचा हंगाम संपणं. "तवा माझी थोरली बहीण येऊन राहणार हाय महिनाभर. ती असली की त्याचा हात उठत न्हाई. मग मी बहिणीबरोबरच जाणार. इचलकरंजीला. तिथं शिलाईचं काम हाय."

नवरा कधी मारतो हे तिला ऊस गाळपाच्या वेळापत्रकावरून ठाऊक होतं. आम्ही अर्जाच्या तारखा मोजत होतो, बाँडचे कागद मोजत होतो, आणि ती हंगाम मोजत होती.

मला तिचा बेत पटला नाही. हे मी तेव्हाही म्हणाले, फक्त या वेळी भांडून नाही. चार महिने फार असतात, संक्रांत एकदा येते पण सुट्या खूप येतात, असं मी म्हणाले. ताई म्हणाल्या, धाकटीचं म्हणणं ऐकून घे, ते खोटं नाही. तिनं ऐकून घेतलं. विचार केला. आणि मेपर्यंत यावर ठाम राहिली.

मग आम्ही कामाला लागलो. बोटाच्या दुखापतीची अदखलपात्र नोंद ठाण्यात झाली. कौटुंबिक घटना अहवाल भरला आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवला, म्हणजे उद्या अर्ज करायची वेळ आलीच तर आजचा मार कागदावर असेल. वडिलांनी दिलेल्या वस्तूंची यादी केली, त्यात म्हशीचं नाव सगळ्यात वर लिहिलं. रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरीचा जन्मदाखला आणि थोडे पैसे अंगणवाडी ताईंकडे ठेवायचं ठरलं. नवऱ्याला बोलावलं, नियम १४ ताईंच्या भाषेत सांगितला, आणि बाँडही लिहून घेतला. बाँडला किंमत नाही हे आम्हा तिघींना माहीत होतं. तिला तो हवा होता. सासूसमोर एकदा त्याची सही झालेली तिला बघायची होती.

त्या दिवसापासून आम्ही एक पद्धत पाडली. एखाद्या केसमध्ये आम्हा दोघींचं मत वेगळं असेल तर ते बाईसमोर झगडायचं नाही, आणि लपवायचंही नाही. फायलीत लिहायचं. ताईंचं पेन निळं, माझं काळं. "माझ्या मते अर्ज आत्ताच करावा, कारण..." आणि त्याखाली, "माझ्या मते थांबावं, कारण..." पुढे "कारण" या शब्दानंतरच्या ओळी वाढत गेल्या, कारण बोलताना जे ठणकावून सांगता येतं ते लिहिताना सांगता येत नाही. लिहायला बसलं की आपल्याच म्हणण्यातली भोकं दिसतात. मग त्या दोन परिच्छेदांखाली बाईचं म्हणणं, लिहिता येत असेल तर तिच्याच हातानं. आणि एक अपवाद पहिल्या पानावर लिहून ठेवला: जिवाला धोका दिसला तर चर्चा नाही, आधी तिला बाहेर काढायचं.

थांबायचं कसं हे आम्ही नंतर गडचिरोलीत पाहिलं. संस्थेनं अभ्यासदौऱ्याला पाठवलं होतं, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं हे गोंड गाव. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून देशात पहिलं ठरलेलं. सगळे पाहुणे तिथे जंगलाबद्दल विचारतात. थोरल्या ताईंनी ग्रामसभेबद्दल विचारलं. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एखाद्याला पटलं नाही तर त्याला मतदानात हरवत नाहीत, विषय पुढच्या सभेवर जातो. मधल्या काळात अभ्यासगटात त्यावर बोलणं होतं, माहिती गोळा होते. परतीच्या गाडीत ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याला वाटतं भांडण म्हणजे आजच निकाल लागला पाहिजे. तू जिंक नाहीतर मी."

वाद आमच्या दोघींपुरता असता तर सोपं होतं. संस्थेकडं दर महिन्याला अहवाल जायचा आणि त्यात एक रकाना होता, "समझोता झालेली प्रकरणे". तो आकडा मोठा असला की काम चांगलं. बाई परत गेली की यश. वेगळी राहायला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, तरी त्यासाठी रकाना नव्हता. वरिष्ठांपैकी एकांशी यावरून माझी दोन वर्षं पत्रापत्री चालली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना देणगीदारांना आकडे दाखवायचे असत आणि मोडलेले संसार कुणाला दाखवणार, असं त्यांना मनापासून वाटे. मीही त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर लाजवायचा प्रयत्न एकदा केला. काही उपयोग झाला नाही. मग थोरल्या ताईंनी त्यांना आमच्या खोलीत दिवसभर बसायला बोलावलं. ते आले, बाकड्यावर बसले, पाच बायकांचं ऐकून गेले. पुढच्या वर्षी अहवालात नवा रकाना आला, "महिलेच्या इच्छेप्रमाणे निर्णय". जुना रकाना काही गेला नाही. तो अजून आहे, आणि तो असणं मला अजूनही चूक वाटतं.

आणि ती?

तिला त्या चार महिन्यांत दोनदा मार बसला. एकदा शिमग्याला, एकदा पट्टा पडल्यावर, बहीण यायच्या आधी तीन दिवस. दोन्ही वेळा तिनं अंगणवाडी ताईंकडून फोन केला, दोन्ही वेळा आम्ही गाडी घेऊन गेलो आणि चल म्हणालो. दोन्ही वेळा ती नको म्हणाली. दुसऱ्या खेपेला तिच्या ओठाला दोन टाके पडले होते. दवाखान्यातून परतताना मी गाडीत रडले. थोरल्या ताईंनी माझा हात धरून ठेवला, त्या काही बोलल्या नाहीत.

आजही मला वाटतं, जानेवारीत अर्ज करायला हवा होता. ते दोन टाके टळले असते. ताईंना आजही वाटतं, जानेवारीत अर्ज केला असता तर पोरीची परीक्षा बुडाली असती, म्हैस गेली असती, आणि भावाच्या दारातून ती फेब्रुवारीतच परत नांदायला गेली असती, या वेळी कायमची. आमच्यापैकी कोण बरोबर ते कळायला मार्ग नाही. ताई आता निवृत्त होऊन बार्शीला असतात. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले तेव्हा चिवडा खाता खाता आम्ही पुन्हा त्याच केसवर आलो. पुन्हा आमचे आवाज थोडे चढले. आतून त्यांची सून बघायला आली, काही झालं का म्हणून. ताई म्हणाल्या, "काही नाही गं. आमचं चालू असतं."

केस बंद करताना शेवटच्या पानावर आम्ही तिघींनी लिहिलं होतं. निळ्या शाईत ताईंच्या सहा ओळी, काळ्या शाईत माझ्या नऊ. त्याखाली जागा सोडली होती. ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली, बरोबर बहीण, पोरगी आणि शाळेचा दाखला. ओठावर बारीक रेघ राहिली होती. मी तिला दोन्ही पेनं पुढं केली. तिनं निळं घेतलं, मग ते ठेवून काळं घेतलं, मग पुन्हा निळं. पोरीनं हसून तिच्याकडं पाहिलं. तिनं पान आपल्याकडं ओढलं आणि सातवीच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं:

"मला निकाल लागेपर्यंत राहायचं होतं तेवढं राहिले. आता माझ्या मर्जीनं जाते. म्हैस बरोबर नेली."